मोहालीतला रविवारचा वर्ग

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे असतील, तर ते ताईंचे. ताई माझ्या नात्यातल्या नव्हेत. त्या मूळच्या मिरजेच्या. नर्सिंग तिथेच शिकल्या आणि मी चंडीगडला गेलो तेव्हा तिथल्या एका सरकारी हॉस्पिटलात सिस्टर होत्या. माझे वडील वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचे. आमच्या घरात पदवी मिळवलेला मी पहिला. सेक्टर ३९ मधल्या सरकारी संशोधन संस्थेत मला पीएच.डी.साठी जागा मिळाली, तेव्हा गावच्या शाळेने मला बोलावून सत्काराचा नारळ दिला होता. तो नारळ घेऊन मी पंजाबच्या थंडीत उतरलो, ती ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती.

पहिल्याच हिवाळ्यात मला कावीळ झाली. होस्टेलच्या मुलांनी मला वॉर्डात आणून टाकलं. तापात मी काय बडबडत होतो ते मला आठवत नाही. ताई पुढे सगळ्यांना सांगायच्या, "कुणाला तरी शिव्या देत होता. शिव्या एवढ्या चोख मराठी होत्या, म्हणून थांबले." वॉर्डातून सुटल्यावर त्यांनी मला होस्टेलवर जाऊच दिलं नाही. मोहालीला आपल्या घरी नेलं आणि पुरा बरा होईपर्यंत बिनतेलाचा भात आणि उसाचा रस देत ठेवून घेतलं.

त्यांचे यजमान सरदार होते. त्याच हॉस्पिटलात एक्स-रे काढायचे. ताईंनी ओळख करून दिली, "हे आमचे मिस्टर. तू दाजी म्हण त्यांना." दाजींनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "साला तो मिल गया, पर बहुत पीला है यार." तेव्हापासून ते मला सालेसाहेब म्हणायचे. त्यांची मुलगी तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. ताई मराठीत विचारायच्या, ती पंजाबीत उत्तर द्यायची आणि मी दोघींच्या मध्ये बसून रस प्यायचो.

ताईंनीच मला तिथल्या मराठी मंडळात नेलं. चंडीगडमध्ये मराठी कुटुंबं मोजकीच होती. डॉक्टर, प्राध्यापक, संशोधक, आणि चंडीमंदिरच्या छावणीतली लष्करी अधिकाऱ्यांची कुटुंबं, जी दोन-तीन वर्षांत बदलून जात. अध्यक्ष होते पुण्याकडचे एक वयस्क सर्जन. सगळे त्यांना डॉक्टरसाहेब म्हणत. ते म्हणायचे, "आपण बेटावरची माणसं. होडी एकच आहे, भांडून बुडवू नका." पण भांडण तर दर बैठकीला व्हायचं. चकलीची भाजणी पुण्याहून येणाऱ्या कुणाबरोबर मागवायची की इथल्याच चक्कीवर दळायची, यावर एकदा दोन तास गेले. गणपतीच्या मोदकांना मोठं पातेलं विकत घ्यायचं की गुरुद्वाऱ्यातून मागून आणायचं, यावर एका वहिनींनी सभात्याग केला होता आणि पोहे आले तेव्हा परत आल्या होत्या. खजिनदार नागपूरचे, विद्यापीठात शिकवणारे. सगळे त्यांना सर म्हणायचे. त्यांचा एक नियम होता. खर्च कितीही बारका असो, ठराव हवा. ठरावाला सूचक हवा, अनुमोदक हवा आणि कारण तोंडाने सांगून लिहून घेतलं पाहिजे. "कारणाशिवाय खर्च म्हणजे चोरी," असं ते म्हणायचे. अनुमोदन देण्याचा मान, का कोण जाणे, सगळ्यांत नवख्या माणसाला असायचा. मी येताच तो माझ्याकडे आला. पातेल्याला अनुमोदन माझं, सतरंज्यांना माझं, ढोलकीला नवं कातडं चढवायला माझं. मला फार अभिमान वाटायचा. डॉक्टरसाहेबांनी दिलेला जुना गरम कोट घालून मी बैठकीला जायचो आणि "अनुमोदन" हा शब्द शाळेतल्या वक्तृत्व स्पर्धेत म्हणावा तसा म्हणायचो.

मंडळाचं सगळ्यांत चांगलं काम म्हणजे रविवारचा मराठी वर्ग. तो ताईंच्या घरी भरायचा. मंडळाने भाड्याने ठरवलेली एक मेटॅडोर चंडीमंदिरपासून निघून सेक्टरा-सेक्टरांतून मुलं गोळा करत मोहालीला यायची. ताई रात्रपाळी करून आलेल्या असल्या तरी तोंड धुऊन शिकवायला बसायच्या. बाराखडी, श्लोक, गोष्ट, मग गूळपोळी नाहीतर थालीपीठ. दाजी मुलांना सायकलवर बसवून गल्लीत फिरवायचे. ताईंची मुलगी फक्त त्या दोन तासांत मराठी बोलायची, कारण तेव्हा दुसरी मुलं बोलत असायची. ताई मला एकदा म्हणाल्या, "आठवडाभर मी पेशंटशी हिंदी, घरात पंजाबी. रविवारी माझी जीभ माहेरी जाते बघ."

पंजाबातल्या दहशतवादाच्या त्या वर्षांबद्दल फार लिहायला नको. अंधार पडायच्या आत माणसं घरी यायची. रस्त्यांवर पोलिसांचे नाके, स्कूटरची डिकी उघडून दाखवायची, बसमधून उतरून ओळीत उभं राहायचं. सकाळी वर्तमानपत्र आलं की आधी पहिलं पान कुणीतरी एकटा वाचायचा आणि मग बाकीच्यांना द्यायचं की नाही ते ठरवायचा. चंडीगडमध्ये तुलनेने शांतता होती. पण मोहाली म्हणजे पंजाब. मधला रस्ता ओलांडला की हद्द बदलायची. सेक्टर ३९ पासून मी तिथे सायकलने जायचो. मला ती हद्द कधी दिसली नाही, पण ती आहे असं सगळे म्हणत.

पुढच्या हिवाळ्यात बैठकीच्या विषयांमध्ये एक नवा विषय आला: वर्गाची जागा बदलणे. कारण सांगितलं होतं, मेटॅडोरचं भाडं परवडत नाही. वर्ग चंडीगडमधल्याच एका सेक्टरात, एका शाळेची खोली भाड्याने घेऊन भरवावा, असा प्रस्ताव होता.

मला हे ऐकून धक्काच बसला. ताईंचा वर्ग काढून घ्यायचा आणि तोही भाड्यासाठी? मी ठरवलं, की आता ऋण फेडायची वेळ आली. मी मेटॅडोरवाल्याकडे जाऊन बसलो आणि त्याच्याकडून फेऱ्यांचा दर विचारून घेतला. त्या शाळेच्या शिपायाला भेटून खोलीचं भाडं काढलं. हीटर, चहा, सतरंज्या ने-आण, सगळं जोडलं. हिशोब अगदी उघड होता. मोहालीतच स्वस्त पडत होतं, कारण ताई घर, चहा, खाणं, सगळंच फुकट देत होत्या. बैठकीच्या आदल्या दिवशी मी उत्साहाने त्यांना सांगायला गेलो. त्या ड्यूटीला निघाल्या होत्या, एक हात स्वेटरच्या बाहीत. म्हणाल्या, "असू दे रे. नेतात तर नेऊ देत. मला पण दगदग होते." मला वाटलं, हा त्यांचा विनय. आमच्या गावी पाहुणा आधी दोनदा नको म्हणतो आणि तिसऱ्यांदा घेतो. मी तिसऱ्यांदा विचारायला थांबलो नाही, एवढंच.

बैठक डॉक्टरसाहेबांच्या बंगल्याच्या हिरवळीवर होती. चांगलं ऊन पडलं होतं. सतरंज्या ताईंकडून आणायच्या होत्या, म्हणून दाजीही आले होते. सभासदत्व कुटुंबाचं असल्यामुळे ते तसे सभासदच होते, पण एरवी सतरंज्या टाकून गाड्यांकडे जाऊन उभे राहायचे. त्या दिवशी डॉक्टरसाहेबांच्या पत्नीने त्यांच्या हातात भुईमुगाच्या शेंगांची परडी दिली आणि ते कडेला बसले.

विषय निघाला. सरांनी भाड्याचं कारण वाचलं. डॉक्टरसाहेब म्हणाले, "फारसं काही नाही, चर्चेची गरज नसावी." ताई म्हणाल्या, "माझी काही हरकत नाही." आणि मी उठलो.

मी चांगला बोललो, हे सांगायलाही लाज वाटते. शाळेत गुरुजींनी शिकवलं होतं तसं, आधी सर्वांना वंदन, मग मुद्दे. ताईंच्या त्यागाबद्दल बोललो. एकेक आकडा मांडला. मध्येच ताईंनी माझ्या कोटाची बाही ओढली आणि हळूच म्हणाल्या, "गप बस की." मी बसलो नाही. मी म्हणालो, "ताई संकोचाने बोलत नाहीत, पण मी बोलणार. भाड्याचं कारण खरं नाही, सर. आपण तपासून पाहा."

सर प्रामाणिक माणूस. त्यांनी माझा कागद घेतला, चष्मा वर केला, खाली केला. म्हणाले, "पोराचा हिशोब बरोबर आहे, डॉक्टरसाहेब. मोहालीच स्वस्त आहे. भाडं हे कारण मला लिहिता येणार नाही."

मी जिंकलो होतो. डॉक्टरसाहेब हिरवळीकडे पाहत होते. "मग राहू दे विषय," ते म्हणाले, "पुढच्या वेळी घेऊ."

तेव्हा चंडीमंदिरच्या एक वहिनी बोलल्या. त्यांचे यजमान कर्नल होते आणि त्यांची दोन्ही मुलं वर्गाला यायची. त्या वाईट नव्हत्या. घाबरलेल्या होत्या, आणि एवढ्या चर्चेनंतर मुलं पुन्हा मोहालीलाच जाणार असं दिसल्यावर त्यांच्याने राहवलं नाही.

"पुढच्या वेळी कशाला? माझी मुलं मी पाठवणार नाही. हिशोबाचा प्रश्नच नाहीये हा. त्या घरात पाहुणे येतात-जातात, कोण कुठल्या गावचे, कशासाठी येतात, आपल्याला काय माहिती? उद्या काही झालं तर? ताईंबद्दल नाही म्हणत मी. ताई आपल्याच आहेत."

डॉक्टरसाहेब म्हणाले, "वहिनी, वहिनी," आणि त्यांचा हात वर राहिला.

दाजी इतकी वर्षं मराठी बाईच्या संसारात होते. त्यांना सगळं समजत होतं आणि हे आम्हा सर्वांना माहीत होतं. आम्ही त्यांच्याशी मराठीत थट्टा करायचो. त्यांनी हातातली शेंग फोडली, दाणे परडीत टाकले. मग मराठीतच, एकेक शब्द शोधत म्हणाले, "वहिनी, माझा भाऊ येतो. त्याची बायको, पोरं. गावात रात्री एक लोक येतात, जेवण मागतात. दिवसा दुसरे लोक येतात, विचारतात, जेवण का दिलं. म्हणून ते येतात माझ्याकडे. झोपायला येतात."

वहिनींच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला तसं नव्हतं म्हणायचं, भाईसाहेब."

"नाही नाही, जी. तुमची पोरं लहान आहेत. बरोबर आहे."

पुढे जे झालं ते आमच्याच मंडळात होऊ शकतं. सरांनी खाकरून विचारलं, "मग... कारण काय लिहू?" त्यांना वाईट हेतू नव्हता. विषय पत्रिकेवर होता, चर्चा झाली होती, ठराव एका बाजूला लागायला हवा होता. तेव्हा ताई म्हणाल्या, "लिहा, ड्यूटीमुळे शिकवणाऱ्या बाईंना घरी वर्ग घेणं जमत नाही. सूचक म्हणून माझं नाव घाला."

"अनुमोदक?" सरांनी विचारलं आणि सवयीने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. एवढा वेळ खणखणीत बोललेला मी कोटाचं बटण चाचपत उभा होतो, आणि बसायचंही सुचत नव्हतं.

"माझं अनुमोदन," दाजी म्हणाले. "लिहा, सरजी." आणि उठून सतरंज्या कधी गुंडाळायच्या ते विचारायला लागले.

त्या संध्याकाळी मी ताईंच्या घरी गेलो. त्यांनी नेहमीसारखं ताट वाढलं. दाजी बाहेर स्कूटर पुसत होते. मी म्हणालो, "ताई, मला माहीत नव्हतं."

"तुला नव्हतं, मला होतं." त्या तव्यावर पोळी फिरवत होत्या. "डॉक्टरसाहेब आधी येऊन गेले होते घरी. रडायचेच बाकी होते म्हातारे. वहिनींनी आणि अजून दोघींनी मुलं पाठवायची बंद करणार म्हणून सांगितलं होतं. मग मीच म्हटलं, भाड्याचं कारण करा. ह्यांच्या कानावर यायला नको होतं, एवढंच बघत होते मी. झाकली मूठ होती रे."

मी ताटावरून उठायला लागलो तर म्हणाल्या, "बस. पोळी टाकलीय. अन्नावर राग काढू नकोस." मी जेवलो. दाजी आत आले आणि म्हणाले, "सालेसाहेब, भाषण एक नंबर दिया. आमदार बनेगा." ते खरंच हसले. मला त्यांच्याकडे वर बघून हसता आलं नाही.

वर्ग शाळेच्या खोलीत सुरू झाला. ताई शिकवायला येत राहिल्या. दाजी त्यांना आणि मुलीला स्कूटरवरून आणून सोडायचे आणि दोन तास फाटकाबाहेर उभे राहायचे. आत या म्हटलं तर म्हणायचे, "धूप अच्छी है." ऊन नसलं तरी तेच म्हणायचे. एकदा नाक्यावर तिघांना बराच वेळ थांबवून ठेवलं. मुलीसमोर दाजींची झडती घेतली. त्यानंतर मुलगी यायला तयार होईना, आणि मग ताईंनीही येणं थांबवलं. कारण दिलं, ड्यूटी बदलली. हे कारण माझ्या भाषणामुळे ठरावात आधीच लिहिलं गेलं होतं, त्यामुळे कुणी काही विचारलं नाही. एक-दोन वहिनींनी पाळीपाळीने शिकवून पाहिलं. मुलं कमी होत गेली.

मग डॉक्टरसाहेबांनी मला बोलावून सांगितलं, की मंडळाची पुस्तकांची पेटी आणि फळा ताईंकडेच आहे, तेवढं घेऊन ये. "तूच जा," ते म्हणाले. "दुसरा कुणी गेला तर त्यांना बरं वाटणार नाही." मी गेलो तर काय वाटेल, हे मी त्यांना विचारलं नाही. उपकाराखालचा माणूस सहसा विचारत नाही. त्यांचा कोट माझ्या अंगावर होता.

मी सायकल रिक्षा घेऊन गेलो. ताई ड्यूटीवर होत्या. दाजी पेटी उचलू लागताच मी पुढे झालो, तर म्हणाले, "तू डॉक्टर बनणार, कमर सांभाळ." फळा त्यांनी जुन्या चादरीत गुंडाळला, खरचटू नये म्हणून. मुलगी दारात उभी राहून पाहत होती. तिने वडिलांना पंजाबीत विचारलं, की आता संडेला कुणीच येणार नाही का. दाजी म्हणाले, "मामा आएगा ना." आणि माझ्याकडे न बघता रिक्षावाल्याला वाट समजावून सांगायला लागले.

पेटी पोचवून मी होस्टेलवर आलो आणि ताईंना पत्र लिहिलं. सायकलने जाता येईल एवढ्या अंतरावर राहणाऱ्या माणसाला मी आयुष्यात पहिल्यांदाच पत्र लिहीत होतो. समोर जाऊन बोलायचं धैर्य नव्हतं. मी पत्र आधी कच्चं लिहायचो, म्हणून ते माझ्याकडे राहिलं आहे.

ती. सौ. ताईंस सा. न. वि. वि.

पेटी आणि फळा डॉक्टरसाहेबांकडे पोचता केला. फळा दाजींनी बांधल्यामुळे नीट आला.

मी क्षमा मागत नाही, कारण मागितली तर तुम्ही लगेच कराल आणि मला जेवायला बसवाल. तुम्ही दाजींसाठी जे झाकून ठेवलं होतं ते मी सगळ्यांसमोर उघडं केलं. मला वाटत होतं मी तुमच्या बाजूने बोलतोय. खरं सांगतो, थोडं मला स्वतःलाही ऐकायचं होतं, मी कसा बोलतो ते. शाळेत टाळ्या मिळायच्या, तशा इथेही मिळतील असं वाटत होतं. एवढ्या शिकलेल्या माणसांमध्ये आपलंही बरोबर निघालं, याचा आनंद मला तुमच्याकडे पाहू देईना. तुम्ही बाही ओढलीत तेव्हा मी थांबायला हवं होतं.

सरांना मी सांगितलं आहे, की यापुढे माझं अनुमोदन धरू नये. त्यांनी कारण विचारलं. मी म्हणालो, कारण लिहू नका.

छोटीने आज विचारलं, की रविवारी कुणी येणार नाही का. दाजींनी माझं नाव सांगितलं. त्यांनी ते माझ्यासाठी सांगितलं की तिच्यासाठी, मला कळलं नाही, पण त्यांनी सांगितलं आहे. तेव्हा रविवारी सकाळी मी येईन. मंडळाचा काही संबंध नाही, ठराव नाही. तिला वाचायला बसवीन, आणि पुस्तकं मंडळाकडे गेली म्हणून माझ्याकडची आणीन. ती पंजाबीत बोलली तर मी रागावणार नाही. दाजींनी आत बसावं एवढी विनंती आहे. ते बाहेर उभे राहिले तर मला शिकवता येणार नाही.

येऊ नको असं वाटत असेल तर कृपा करून निरोप दाजींकडे द्या. तुम्ही स्वतः सांगितलंत तर ते ऐकण्याची माझी ताकद नाही.

थंडी वाढली आहे. रात्रपाळीला जाताना कान बांधत जा.

तुमचा भाऊ